जुन्या गाडीची शेड: जुळवायची ती कशाशी?

जुन्या गाडीच्या दुरुस्तीत लोकांना धास्ती असते इंजिनाची. पण इंजिनाचं काम जमलं की नाही, हे चावी फिरवली की कळतं. रंगाचं तसं नसतं. समजा फियाटच्या डाव्या मडगार्डाला रिक्षा घासली. डेंटरने तो ठोकून सरळ केला, लांबी भरली, घासली, वर रंग मारला. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली सगळं एकसारखं दिसतं. मालक गाडी उन्हात काढतो आणि मडगार्ड व दरवाजा दोन वेगळ्या गाड्यांचे वाटायला लागतात. पेंटर म्हणतो, शेड कंपनीचीच आहे. रंगाचा दुकानदार म्हणतो, कोड बरोबर आहे. मालक म्हणतो, मला दिसतंय ते काय खोटं? गंमत अशी की तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नसतो.

कारण ‘गाडीचा मूळ रंग’ असं आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या रंगांबद्दल बोलत असतो. एक, कंपनीच्या दप्तरात नोंदलेला. दुसरा, त्या गाडीवर त्या दिवशी कारखान्यात प्रत्यक्ष बसलेला. तिसरा, चाळीस-पन्नास वर्षांचं ऊन, पाऊस आणि पॉलिशची घासाघीस सोसून आज उरलेला. शेड जुळवण्याबद्दलचे बहुतेक वाद कोण कुठल्या रंगाबद्दल बोलतोय हे न ठरवल्यामुळे होतात. माझं मत आधीच सांगतो: एखाद-दुसरा पत्रा रंगवायचा असेल तर पहिले दोन रंग विसरावेत. सगळी गाडी उघडी करून रंगवायची असेल तरच त्यांच्या मागे लागावं, आणि तेव्हाही ते पूर्ण हाती लागतील अशी आशा ठेवू नये.

कारखान्यात काय बसत होतं, ते आधी पाहू. मोटारी आल्या तेव्हा त्यांना घोडागाड्यांचेच तेलरंग आणि व्हार्निश लागत. थरावर थर, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. एक गाडी रंगून बाहेर पडायला आठवडे जात. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, हे सर्वांना ठाऊक असतं. काळा म्हणजे सोपा, असं मात्र कोणी समजू नये. तो काळा डांबरी घटक असलेला, भट्टीत भाजलेला ‘जपान ब्लॅक’ होता. पातळ थरात त्याला तपकिरी झाक येते. आजच्या रंगांतला कार्बन ब्लॅक त्याच्या शेजारी निळसर दिसतो. काळ्याशी काळा न जुळलेल्या गाड्या मी प्रदर्शनांत पाहिल्या आहेत, आणि एकदा तो फरक दिसला की डोळ्यांपुढून जात नाही.

खरी उलथापालथ १९२३ साली झाली. ड्यूपाँट कंपनीचं ‘ड्युको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात आलं. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि रंगांची निवड खुली झाली. आपल्याकडे स्प्रेने मारलेल्या गुळगुळीत रंगाला सुतारसुद्धा आजही ड्युको म्हणतात, तो त्याच नावाचा पसारा. पुढे भट्टीत पक्की होणारी इनॅमल आली, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ॲक्रिलिक लॅकर आलं, नंतर हार्डनर मिसळून मारायचा पॉलीयुरेथेन म्हणजे गॅरेजच्या भाषेतला ‘टू-के’, आणि शेवटी रंगाचा बेस व त्यावर पारदर्शक क्लिअर ही आजची पद्धत. क्लिअर येण्याआधीच्या गाड्यांवर रंग आणि चकाकी एकाच थरात असायची. म्हणून जुनी गाडी रबिंग करताना फडक्याला लाल किंवा निळा रंग लागतो, नव्या गाडीला लागत नाही.

बदल फक्त माध्यमात झाला नाही, रंगद्रव्यंही बदलली. आज गडद निळ्या-हिरव्या शेडमध्ये सर्रास असणारं थॅलोसायनिन निळं १९३५ साली बाजारात आलं. त्याआधीच्या गाडीवरचा निळा बहुधा प्रशियन ब्लू किंवा अल्ट्रामरीनचा असणार, आणि हिरव्यात प्रशियन ब्लूबरोबर क्रोम पिवळा मिसळलेला असणार. क्विनाक्रिडोन जातीची पक्की लाल-जांभळी रंगद्रव्यं १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली. आधीचे अनेक लाल उन्हात उडणारेच होते. पिवळ्या आणि केशरी शेडमध्ये शिशाचं क्रोमेट असे. ते स्वस्त होतं, खालचं सगळं झाकणारं होतं, पण विषारी. त्याच्या जागी आता बिस्मथ व्हॅनाडेट आणि सेंद्रिय पिवळे वापरतात. त्यांची झाकण्याची ताकद वेगळी असते, त्यामुळे खालचा प्रायमर राखाडी आहे की पांढरा, यावर वरचा पिवळा बदलतो. म्हणजे फॉर्म्युल्यात ज्या वस्तू लिहिल्या होत्या, त्यांतल्या काही वस्तूच आता दुकानात मिळत नाहीत.

आता तिसरा रंग, आजचा. उन्हाने रंगद्रव्य फिकं पडतं, वरचा थर खडूसारखा भुरभुरतो, नायट्रोसेल्युलोज स्वतः पिवळं पडत जातं. पांढऱ्या गाड्यांवर हे पिवळेपण सगळ्यात आधी दिसतं. म्हणून मुरलेला पेंटर जुन्या पांढऱ्यासाठी डब्यातला शुभ्र पांढरा कधीच तसाच मारत नाही. त्यात थोडा पिवळा आणि थेंबभर काळा टाकून तो ‘मारतो’. आणखी एक गोष्ट मालकांच्या लक्षात येत नाही: एकाच गाडीवर शेड एक नसते. टप आणि बॉनेट ऊन थेट सोसतात, दरवाजाचा खालचा भाग सोसत नाही. वर्षानुवर्षं भिंतीला लागून उभ्या राहिलेल्या गाडीच्या दोन बाजूंतही फरक पडतो. मडगार्ड रंगवायचा असेल तर तो जुळायला हवा शेजारच्या दरवाजाशी. डिकीच्या आतल्या ‘ओरिजनल’ रंगाशी तो जुळवला तर माहिती म्हणून बरोबर ठरेल, गाडीवर मात्र ठिगळ दिसेल.

यातून गॅरेजमध्ये हमखास चुकणारा क्रम कळतो. शेड बनवण्याआधी शेजारचे पत्रे रबिंग आणि पॉलिश करून घ्यायला हवेत. भुरभुरलेला पृष्ठभाग प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून रंग आहे त्यापेक्षा फिका आणि दुधाळ दिसतो. त्याच्याशी शेड जुळवायची आणि मग डिलिव्हरीच्या दिवशी सगळ्या गाडीला पॉलिश मारायचं, म्हणजे जुळलेलं स्वतःच्या हाताने मोडायचं. तरीही दहातल्या नऊ ठिकाणी पॉलिश शेवटीच होतं, कारण ते शेवटीच करायचं असतं अशी समजूत आहे.

पूर्ण गाडी रंगवायची असेल, तर मूळ रंगाचा शोध हा एक स्वतंत्र उद्योग आहे, आणि मला तो सगळ्यात रंजक वाटतो. ऊन न पोचलेल्या जागा शोधायच्या: काचेच्या रबराखाली, दरवाजाच्या आतल्या पॅनेलमागे, डॅशबोर्डच्या पाठी, बोधचिन्हाखाली, पेट्रोल टाकीच्या वरच्या अंगाला. पण तिथेही जपून. बऱ्याच कारखान्यांत आतल्या बाजूला रंगाचे हात कमी मारले जात, त्यामुळे खालचा प्रायमर डोकावतो आणि शेड फसवी दिसते. एखादी कोपऱ्यातली जागा बारीक वॉटर पेपरने तिरपी घासत नेली की आजवरचे सगळे थर एकामागून एक वर्तुळात उघडतात: वरचा मरून, खाली राखाडी सरफेसर, त्याखाली निळा, मग पुन्हा प्रायमर. सर्वांत आतल्या प्रायमरला चिकटलेला पहिला रंग तो कारखान्याचा, असं बहुधा धरता येतं. रंगाची जात ओळखायला थिनर पुरतो. झाकलेल्या जागी थिनरचं फडकं घासलं आणि रंग विरघळून आला तर लॅकर. सुरकुतला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर टू-के, म्हणजे हा थर अलीकडचा. जुनं आरसी पुस्तकही पाहावं. त्यात ‘ग्रे’ किंवा ‘लाइट ग्रीन’ एवढंच असेल, पण गाडी कधी हिरवीची लाल झाली, हे कळायला तेवढं पुरतं.

परदेशी गाड्यांना कोडचा आधार मोठा. फोक्सवॅगन बीटलवर ‘एल’ने सुरू होणारे क्रमांक असतात, एल ८७ म्हणजे मोतिया पांढरा. मर्सिडीझचा डीबी १८० म्हणजे सिल्व्हर ग्रे. ब्रिटिश बीएमसी गाड्यांचा आरडी ९ म्हणजे टार्टन रेड. कोड सांगितला की मोठ्या रंगकंपनीच्या संगणकातून फॉर्म्युला निघतो. पण किराणा मालाची यादी हाती आली म्हणून आजीच्या हातची आमटी होत नाही. तो फॉर्म्युला बहुधा मूळ रंगाचा नसतोच. मूळच्या नमुन्यासारखं दिसावं म्हणून नंतरच्या टिंटरांतून बांधलेलं ते नवं मिश्रण असतं. शिवाय कारखान्यातच लॉटगणिक फरक पडे. रंगकंपन्या एकाच कोडखाली थोडा पिवळसर, थोडा निळसर, थोडा गडद असे वेगवेगळे ‘व्हेरियंट’ देतात, ते उगाच नाही.

काही वेळा तर कोड काळाशीच जुळत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या मंद हिरव्या-तपकिरी रंगासाठी हौशी लोक अमेरिकेच्या ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ मधले क्रमांक एकमेकांना ऐकवतात. ते मानक प्रसिद्ध झालं १९५६ साली, म्हणजे युद्ध संपून अकरा वर्षं झाल्यावर. ब्रिटिश रेसिंग ग्रीनची कथा याहून मोकळी. १९०३ साली गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये झाली, तिथे ब्रिटिश नेपियर गाड्या यजमानांच्या मानाखातर हिरव्या रंगल्या, आणि तिथून तो हिरवा ब्रिटनचा झाला. पण तो एक असा हिरवा कधीच नव्हता. फिक्या पानापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळे त्या नावाखाली खपले. ‘मला ब्रिटिश रेसिंग ग्रीन हवा’ असं सांगणारा गिऱ्हाईक पेंटरला प्रत्यक्षात काहीच सांगत नसतो.

आपल्या गाड्यांची गोष्ट निराळी. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ साली ‘११०० डिलाइट’ आणली. १९७०च्या दशकात तिचं नाव ‘पद्मिनी’ झालं आणि ती शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर तर २०१४ पर्यंत. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे तो काळ. आलेली गाडी लोक वीस-पंचवीस वर्षं सहज वापरत आणि मधूनमधून सगळीच्या सगळी रंगवून घेत. टॅक्सी पासिंगला न्यायच्या आधी रंग ठरलेलाच. या गाड्यांवर मूळ थर शाबूत सापडणं दुर्मीळ, आणि त्यांचा फॉर्म्युला आजच्या रंगकंपनीच्या यादीत मिळेलच असं नाही. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आता कोणाला एखादी तशीच रंगवून ठेवायची असेल, तर नेमका कुठला पिवळा, यावर दोन जुने टॅक्सीवाले एकमत होतील असं वाटत नाही. रंग ज्या गल्लीत मारला, तिथल्या डब्यात असेल तो पिवळा. सरकारी, लष्करी आणि औद्योगिक रंगांसाठी ‘आयएस ५’ हे भारतीय मानक मदतीला येतं. त्याचे बरेच क्रमांक ब्रिटिश मानकाशी जुळतात. सिग्नल रेड दोन्हीकडे ५३७ आहे. जुनी लष्करी जीप किंवा सरकारी गाडी असेल तर आधी तिथे पाहावं.

डोळा की यंत्र, हा पुढचा वाद. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ साली सरासरी माणसाच्या नजरेचं गणित मांडलं, १९७६ साली रंग तीन आकड्यांत बसवायची ‘लॅब’ पद्धत दिली: उजळपणा, लाल-हिरवा कल आणि पिवळा-निळा कल. दोन रंगांतलं अंतर ‘डेल्टा-ई’ या एका आकड्यात येतं. ते एकच्या आसपास असेल तर साध्या नजरेला फरक जेमतेम कळतो. पत्र्यावर टेकवायचं स्पेक्ट्रोफोटोमीटर हेच मोजतं आणि जवळचा फॉर्म्युला काढून देतं. मोठ्या बॉडीशॉपमध्ये ते आता रोजचं झालं आहे. पेंटरांचा एक वर्ग त्याला हसतो, ते मला पटत नाही. लाल-हिरवा फरक नीट न कळणारे पुरुष कमी नसतात, आणि दिवसभर लाल रंगाकडे पाहिलेला निरोगी डोळाही संध्याकाळी लालाबद्दल विश्वासाचा राहत नाही.

तरी शेवट यंत्रावर सोडता येत नाही, याचं कारण मेटामेरिझम. रंगद्रव्यं वेगळी असली तर दोन रंग एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फाटतात. सुरुवातीला सांगितलेल्या मडगार्डाचं हेच झालेलं असतं. जुनी द्रव्यं मिळत नाहीत म्हणजे जुन्या गाडीच्या बाबतीत हा धोका कायमचा. उपाय दोन. टिंटर निवडताना मूळ द्रव्यांच्या जवळचे निवडायचे, आणि तपासणी निदान तीन उजेडांत करायची: मोकळ्या आकाशाखाली सावलीत, थेट उन्हात आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली. एकटक पाहायचं नाही. दोन-चार सेकंद पाहून नजर काढायची. पहिल्यांदा जे वाटतं तेच बहुधा खरं असतं. ओल्या रंगावरून तर काहीच ठरवू नये, वाळला की तो सरकतो.

मेटॅलिक रंगात हे सगळं दुणावतं. त्यातले ॲल्युमिनियमचे कण आडवे, तिरपे कसे बसले यावर रंग ठरतो. समोरून जुळलेला चंदेरी दरवाजा बाजूने पाहिला की काळा पडतो. म्हणून मेटॅलिक मोजणारी यंत्रं पाच-पाच कोनांतून वाचन घेतात. एकच डबा, एकच फॉर्म्युला. पण गन जवळ धरून ओला हात मारला की कण खाली बसतात आणि शेड गडद होते, हवेचा दाब वाढवून सुका हात मारला की कण वर राहतात आणि ती उजळते. १९५०-६०च्या लॅकर मेटॅलिकमधले कणही हुबेहूब आजच्यासारखे नसत. जुन्या मेटॅलिकचा एकच पत्रा वेगळा रंगवून जुळवायचा नाद मी तरी कोणाला लावणार नाही.

साध्या रंगातही खरा निकाल गन देते. म्हणून गाडीच्या आधी पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारून पाहायचा: तोच प्रायमर, तेवढेच हात, तोच दाब, क्लिअर असेल तर क्लिअरसकट. दुकानात डब्यात बुडवलेल्या काडीवरून शेड पास करणाऱ्यांनी मग तक्रार करू नये. एवढं करूनही उरलेला फरक ब्लेंडिंगने लपतो. नवा रंग मडगार्डावर पूर्ण, आणि दरवाजावर विरत विरत अर्ध्यापर्यंत. डोळ्याला फरक कळतो तो कडेला. कडच नसेल तर तो शोधत बसत नाही. अडचण एवढीच की यात शेजारचा मूळ रंगही थोडा बळी जातो, आणि एका थराच्या जुन्या रंगावर कड विरवायला सराईत हात लागतो.

पूर्ण गाडीसाठी सेल्युलोज की टू-के, यावर हौशी मंडळींत तट आहेत. सेल्युलोजची चमक मऊ, खोल. ते मूळच्याच जातीचं. पण हात पुष्कळ मारावे लागतात, प्रत्येक वेळी घासणी, आणि पावसाळ्यात कोकणपट्टीत ते मारणं म्हणजे दुखणं विकत घेणं. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. सावकाश उडणारा थिनर घालून काही प्रमाणात निभावतं; त्यापेक्षा दसऱ्यानंतर काम काढावं. टू-के टिकाऊ, थोड्या हातांत भरणारा, पण त्याची काचेसारखी चमक १९५०च्या गाडीवर उपरी वाटते. शेवटी घासून ती उतरवता येते. रोज रस्त्यावर न्यायच्या गाडीला मी टू-के म्हणेन, आणि मूळपणावर गुण मिळणाऱ्या गाडीला सेल्युलोज. एक गोष्ट मात्र वादापलीकडची: टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून टू-के मारणारी पोरं आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात. त्यांना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा, आणि शेड जुळवण्यावर हजारो रुपये घालणाऱ्या मालकाने त्याचे पैसे द्यायला का-कू करू नये. तसंच जुने थर घासताना त्यात शिसं आहे असंच धरून चालावं: कोरडं घासायचं नाही, धूळ उडू द्यायची नाही.

याखेरीज एक मत वाढत चाललं आहे: रंगवूच नका. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा हिने २०१२-१३ साली तुरिन सनद मांडली. जीर्णोद्धारापेक्षा जतनाला अग्रक्रम, हा तिचा रोख. कारखान्याचा थर एकदा खरवडला की तो परत येत नाही, आणि वर म्हटल्याप्रमाणे त्याची नक्कलही पुरती जमत नाही. मला हे पटतं, पण मुंबईत जपून. खाऱ्या हवेत उघडा पडलेला पत्रा दोन पावसाळ्यांत गंजतो. तिथे जतनाच्या नावाखाली भोक पडू देण्यात अर्थ नाही. गंज काढून तेवढ्याच जागेला रंग, बाकीला सौम्य पॉलिश आणि मेण. डाग थोडा दिसला तर दिसू द्यावा.

काम झाल्यावर कागदपत्रांकडे पाहावं. शेड जुळवताना गाडीचा रंगच बदलला असेल तर आरसीत तशी नोंद करून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली आलेल्या नियमांत ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आहे, आणि तिथे गाडी मूळ रूपात असणं पाहिलं जातं. थर घासतानाचे आणि सापडलेल्या मूळ रंगाचे फोटो जपलेले बरे. पेंटरकडून टिंटरांची नावं व वजनं, प्रायमरचा रंग, हातांची संख्या लिहून घ्यावी आणि चाचणीचा पत्रा कागदात गुंडाळून घरी आणावा. हार्डनर न घातलेला उरलेला रंग लहान डब्यात काठोकाठ भरून, घट्ट झाकण लावून ठेवला तर पुढच्या रिक्षाच्या वेळी कामाला येतो. फक्त तोवर दरवाजा आणखी फिका पडलेला असेल, तेव्हा त्यात थोडा पांढरा घालावा लागेल.